पाण्याची पाळी नक्की करा, मिथेनचं आम्ही बघतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेतीतून सुटणाऱ्या, हवामान तापवणाऱ्या वायूंच्या उत्सर्जनावरचा आपल्या अंकातला लेख वाचला. भाताच्या खाचरांतून मिथेन हा असाच वायू सुटतो. लेखकाची माहिती खोटी नाही. पण शेवटी त्यांनी ‘भाताखालचं क्षेत्र कमी करावं’ असं सुचवून टाकलं आहे. बावीस वर्षं चिखलात काढलेल्या माणसाला त्यावर बोलणं भाग आहे.

क्षेत्र कमी केलं म्हणून खाणारी तोंडं कमी होत नाहीत. तेवढा तांदूळ दुसरीकडे कुणीतरी पिकवणार, कदाचित जंगल तोडून. उत्सर्जनाचा हिशेब एकरामागे मांडला तर कमी पिकवणारा शेतकरी साधू ठरतो. तो किलोमागे मांडायला हवा. शिवाय 2022 साली घरं, हॉटेलं आणि दुकानं मिळून जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं, असं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेचा अहवाल सांगतो. लेखात त्याबद्दल अवाक्षर नाही.

खाचरात पाणी साचून राहिलं की मातीत हवा पोचत नाही. मग कुजणाऱ्या काडीकचऱ्यावर हवेशिवाय जगणारे सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. त्यातला बराचसा भाताच्या रोपातल्या पोकळ्यांतूनच वर येऊन हवेत सुटतो. भरल्या खाचरात पाय रोवला की बुडबुडे येतात, तेही त्याचेच. लहानपणी आम्ही ते मुद्दाम काढत बसायचो. पाणी मधूनमधून जिरू दिलं, मातीत हवा शिरली, की हे सूक्ष्मजीव थंडावतात. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने पुढे आणलेली ही पद्धत नीट पाळली तर मिथेन 30 ते 50 टक्के घटतो. उत्पन्नाला सहसा धक्का लागत नाही.

मी हे करून पाहिलं. जमिनीखाली पाणी किती उतरलं ते दिसावं म्हणून फूटभर लांबीचा पीव्हीसी पाइप घेतला, खालच्या अर्ध्या भागाला ड्रिलने भोकं पाडली आणि तेवढा भाग खाचरात पुरला. आतली माती हाताने उपसून काढावी लागते, ती राहिली तर पाइप खोटं बोलतो. लावणीनंतर दोन आठवडे पाणी बांधून ठेवायचं, म्हणजे तण दबतं. मग पाणी सोडून द्यायचं. पाइपातली पातळी जमिनीखाली 15 सेंटीमीटर गेली की पुन्हा भरायचं. फुलोऱ्यात मात्र पाणी हलू द्यायचं नाही, नाहीतर लोंब्या पोचट.

पहिल्या वर्षी मी घाई केली. आठव्या दिवशीच पाणी तोडलं आणि तणाने मला दोनदा खाली वाकवलं. दुसऱ्या वर्षी खाचर आधी नीट सपाट केलं, कारण एका कोपऱ्यात गुडघाभर पाणी आणि दुसऱ्यात धूळ असेल तर पाइप कुठल्या कोपऱ्याचं सांगतोय हे कळत नाही. त्या वर्षी भात नेहमीएवढाच झाला आणि पाण्याच्या तीन पाळ्या वाचल्या. शेजारीही येऊन पाइपात डोकावून गेले.

तिसऱ्या वर्षी भात पोटरीत, म्हणजे लोंब्या बाहेर पडायच्या बेतात असताना कालव्याची पाळी नऊ दिवस चुकली. कळवलं कुणीच नाही. जमिनीत बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या आणि त्या खाचरातलं जवळपास अर्धं पीक गेलं. पुढच्या हंगामात मी बांध घट्ट केले आणि मिळेल तेवढं पाणी कोंडून ठेवलं. म्हणजे मिथेन पुन्हा होता तेवढाच. साचलेलं पाणी हा आमचा विमा आहे. तो काढून घ्यायचा तर त्याच्या जागी काहीतरी द्या.

खताचं दुखणं वेगळं. घातलेल्या नत्रापैकी जेमतेम निम्मं पिकाला लागतं. उरलेल्यातलं थोडं नायट्रस ऑक्साइड होऊन उडतं, आणि हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवतो. खाचर मधे सुकवलं तर तो वाढूही शकतो, हे पाइपवाल्यांनी लपवू नये. त्यावर उपाय म्हणजे युरिया साचल्या पाण्यात फोकायचा नाही. सुकल्या मातीवर टाकून लगेच पाणी द्यायचं, आणि पानाचा रंग बघून हप्ता ठरवायचा. मी असं करून दर हंगामात एक हप्ता वाचवला आहे. पण खतच बंद करा म्हणणाऱ्यांनी श्रीलंकेकडे बघावं. 2021 मध्ये तिथे रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. भात घसरला, तांदूळ बाहेरून आणावा लागला आणि वर्ष संपायच्या आत निर्णय फिरवावा लागला.

जनावरांच्या ढेकरांतून सुटणाऱ्या मिथेनबद्दल मी बोलत नाही, माझ्याकडे एकच गाय आहे. एवढंच सांगतो, की डेन्मार्कने 2030 पासून पशुधनाच्या उत्सर्जनावर कर लावायचं ठरवलं, तेव्हा वाटाघाटीच्या टेबलावर शेतकऱ्यांची संघटनाही बसलेली होती.

माझी मागणी साधी आहे. कालव्याच्या पाळ्यांचं वेळापत्रक लावणीआधी जाहीर करा, आणि पाळी चुकणार असेल तर चार दिवस आधी निरोप द्या. पाइप माळ्यावर आहे. भोकं बुजलेली नाहीत, कालच पाहिलं.

आपला,
एक भातउत्पादक