आई, घरीच बाळंतपण का ते सांगते

लेस्टर, इंग्लंड

ती. आईस,
सा. न.

फोनवर तू "आयुष्यभर बायकांना दवाखान्यात ओढत नेलं आणि माझीच लेक घरी बाळंत होणार?" म्हणालीस आणि फोन बाबांच्या हातात दिलास. बोलण्यात आपलं भांडण होतं, म्हणून लिहितेय.

उपकेंद्रावरच्या तुझ्या नर्सच्या नोकरीतल्या गोष्टी मी विसरलेले नाही. नाळ कापायला हाताला लागेल ते पातं, रक्तस्राव सुरू झाला की जीपची शोधाशोध, आणि तुला बोलावणं यायचं ते सगळं हाताबाहेर गेल्यावर. त्या बायकांसाठी तू घरोघरी भांडलीस ते बरोबरच होतं. पण इथे घरी येणार ती तुझ्याच पेशातली बाई. सरकारी आरोग्यसेवेतली, तीन वर्षांची पदवी घेतलेली मिडवाइफ, म्हणजे शिकलेली सुईण. कळा वाढल्या की एक येते, बाळ यायच्या सुमारास दुसरी. त्यांच्याकडे रक्तस्राव रोखायला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, वेदनेसाठी गॅस, बाळाला श्वास द्यायला बॅग-मास्क, टाक्यांचं सामान. बाळाचे ठोके दर पंधरा मिनिटांनी, जोर लावायच्या वेळी दर पाच मिनिटांनी ऐकतात. कळांचं दुखणं थांबवणारं पाठीतलं इंजेक्शन मात्र घरी मिळत नाही. ते हवंसं वाटलं तर उठून हॉस्पिटल गाठायचं.

आता तुला आवडतात ते आकडे. इंग्लंडमध्ये ६४ हजारांवर बाळंतपणांचा मोठा अभ्यास झाला, २०११ मध्ये छापून आला. सगळ्या जणी कमी जोखमीच्या. पहिलटकरणींत बाळ दगावणं किंवा त्याला गंभीर त्रास होणं हॉस्पिटलात हजारी ५.३, घरी ९.३. शिवाय घरी सुरुवात केलेल्या शंभरातल्या ४५ पहिलटकरणींना हॉस्पिटलात हलवावं लागलं, सगळ्यात जास्त वेळा कळा पुढे सरकत नाहीत म्हणून. थोरलीच्या वेळी मी हा विषयच काढला नव्हता तो त्यामुळेच. दुसऱ्या खेपेला मात्र बाळाच्या बाबतीत घर आणि हॉस्पिटल यांत तसा फरक दिसला नाही, आणि हलवावं लागलं ते शंभरात बाराजणींना. सिझेरियन, चिमटा लावून बाळ काढणं यांचं प्रमाणही घरी कमी.

मला धास्ती आहे ती अॅम्ब्युलन्सची. इथेही ती कधी कधी ताटकळत ठेवते. हॉस्पिटल आमच्यापासून जवळ आहे म्हणून तयार झाले, लांब खेड्यात राहत असते तर नसते झाले. त्या रात्री मिडवाइफ कमी असतील तर घरचा बेत रद्दही होतो. मग हॉस्पिटलच्याच इमारतीतलं बर्थ सेंटर: मिडवाइफच चालवतात, पाण्याचा टब आहे, आणि डॉक्टर त्याच इमारतीत. बीपी चढलं, बाळ आडवं झालं किंवा ३७ आठवड्यांआधी कळा सुरू झाल्या, तर सरळ लेबर वॉर्ड. यावर मी वाद घालणार नाही, तूही घालू नकोस.

हिमोग्लोबिन ११.८ आहे, तू विचारणारच.

येताना प्रश्न लिहून आण. मिडवाइफला सांगून ठेवलंय की माझी आई एएनएम होती, ती खूश झाली. आणि अळीव, डिंक आण, लाडू इथेच वळू. मावशीला इतक्यात बोलू नकोस, संध्याकाळपर्यंत साऱ्या आळीला कळेल.

तुझी,
ताई