नळीमागच्या रेघा आणि आमच्या आशाताई

आदरणीय आशाताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात नेऊन देता आले असते, कारण शाळेच्या कुंपणापासून तुमचे घर चार घरांवर आहे. तरीही ते जाहीरपणे लिहितो आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलाला सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार आहे. त्याच्यासाठी तुम्ही जे केलेत, आणि ज्या रीतीने केलेत, ते झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या तालुक्यांतल्या इतर पोडांवरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवरच्या, शिक्षकांना, सरपंचांना आणि डॉक्टरांना कळावे, अशी माझी इच्छा आहे. नाव लिहायचे नाही असे तुम्ही बजावले होते, म्हणून तुमचे, त्या मुलाचे किंवा आपल्या पोडाचे नाव येथे कोठेही येणार नाही; 'आशा' हे तर तुमच्या, गावातल्या आरोग्य कार्यकर्तीच्या, पदाचे नाव आहे.

सुरुवात माझ्या चुकीपासून करणे भाग आहे. तो मुलगा दर हिवाळ्यात शाळेत यायचा बंद होई. कपाशीच्या वेचणीचे दिवस असल्यामुळे आईबापांनी त्याला शेतात नेले असणार, असे मी धरून चालत असे. परत आला की तो एवढेच सांगे, "पाय लय दुखून राह्यले जी, गुरुजी." दोन वर्षे मी हे कारण ऐकले आणि दोन्ही वर्षे ते खोटे मानले. एकदा तर पौषातल्या गार सकाळी, परिपाठ संपल्यावर, चुकवेगिरीची शिक्षा म्हणून त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. त्या रात्री तो गुडघे पोटाशी घेऊन कण्हत होता, हे मला पुष्कळ दिवसांनी कळले. मी ही हकीकत तुम्हाला सांगितली तेव्हा तुम्ही मला दोष दिला नाहीत. "वर्गात तो पाणी किती पितो, गुरुजी?" एवढाच प्रश्न तुम्ही विचारलात. मला उत्तर देता आले नाही, आणि त्या प्रश्नाने मला जेवढी जाणीव दिली तेवढी कोणत्याही बोलण्याने दिली नसती.

तुम्ही त्याच्या घरी गेला होतात त्या आजारासाठी नव्हे, तर त्याच्या नुकत्याच जन्मलेल्या बहिणीला पाहायला. दवाखान्यात बाळंतपण झाले, तरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाने घरी जाऊन बाळ-बाळंतिणीची विचारपूस करायची, हा तुमचा नेम. ही पद्धत आपल्याच विदर्भात रुजलेली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले, तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढे 2011 पासून देशभरच्या आशांकडे हे काम आले. पण कागदावरच्या भेटीत बाळाचे वजन घेऊन निघून जाता येते. तुम्ही चौदाव्या दिवशी तिचे वजन केलेत, आणि मग दाराशी घोंगडी पांघरून बसलेल्या तिच्या भावाला उजेडात बोलावून त्याचे डोळे पाहिलेत. ते पिवळसर होते.

त्यानंतर तुम्ही त्याच्या आईशी कोलामीत बोललात. मी या पोडावर इतकी वर्षे शिकवतो आणि मला कोलामी अजून नीट येत नाही, याची खंत येथे नोंदवतो. हा मुलगा दहा महिन्यांचा असताना त्याच्या हातापायांचे पंजे एकाएकी सुजत आणि तो दिवसदिवस रडे, हे त्या माउलीने त्या दिवशी पहिल्यांदा कोणाला तरी सांगितले. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात त्याला वात म्हणून सुया टोचल्या गेल्या होत्या, आणि दुसरीकडे कावीळ म्हणून औषध दिले गेले होते. पंजे सुजत होते का, हे तिला कोणी विचारलेच नव्हते. आणि विचारले असते तरी तिला उमजेल अशा भाषेत ते विचारले गेले नसते. तुम्ही विचारलेत, कारण प्रशिक्षणात सांगितलेली सिकलसेलची ती खूण तुमच्या लक्षात होती.

चाचणी शाळेच्या ओसरीवर झाली. उपकेंद्रातल्या सिस्टर आणि समुदाय आरोग्य अधिकारी आल्या होत्या. बोटाला टोचून घेतलेला रक्ताचा थेंब औषधाच्या नळीत टाकला, नळी हलवली, आणि पाच मिनिटे ती तशीच उभी ठेवली. मग काळ्या रेघा छापलेला एक कागद तिच्या मागे धरला. त्याच्या आधी तपासलेल्या एका मुलीच्या नळीतून त्या रेघा स्वच्छ दिसल्या होत्या. या मुलाची नळी ताकासारखी गढूळ झाली होती आणि पलीकडे रेघ म्हणून दिसेना. मी कागद पुढे घेतला, मागे घेतला, उन्हाकडे धरला. रेघ दिसली नाही. एवढ्याने केवळ रक्तात सिकलसेलचा अंश आहे इतके कळते, मूल वाहक आहे की आजारी हे कळत नाही, असे तुम्ही सर्वांना शांतपणे समजावलेत, आणि पुढच्या तपासणीसाठी नमुना जिल्ह्याला पाठवला गेला. उत्तर आले: एसएस, म्हणजे आजारी. आई एएस, म्हणजे वाहक, आणि वडीलही एएस. म्हणजे दोघांनाही स्वतः काही त्रास नाही, पण त्यांच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. लहान बहिणीची नळीची चाचणी तुम्ही मुद्दाम केली नाहीत, कारण सहा महिन्यांच्या आतल्या बाळात ती भरवशाची नसते. तिची तारीख तुम्ही वहीत वेगळी लिहून ठेवलीत.

येथपर्यंतचे काम कोणत्याही चांगल्या कार्यकर्तीने केले असते, असे कोणी म्हणेल. मला खरे आभार मानायचे आहेत ते यापुढच्या कामाचे.

सर्व पोडाची तपासणी व्हावी म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्राने शिबिर ठेवले, तेव्हा सकाळी अकरा वाजता मंडपात गाडीचा चालक, दोन म्हातारे आणि मी एवढेच होतो. लोक अडाणी आहेत, त्यांना आरोग्याचे महत्त्व नाही, असे त्या दिवशी कोणीतरी म्हणाले आणि मीही मान हलवली. तुम्ही मात्र वैद्यकीय अधिकाऱ्यांना नम्रपणे सांगितलेत की वेचणीची मजुरी किलोवर मिळते, अकराला बाई शेतात नसेल तर तिचा दिवस बुडतो, तेव्हा शिबिर दिवेलागणीनंतर घ्यावे. डॉक्टरसाहेबांनी ते ऐकले, याबद्दल त्यांचेही आभार मानले पाहिजेत. दुसरे शिबिर संध्याकाळी सातला सुरू झाले. त्याआधी तुम्ही पोडाच्या नाईकांकडे, म्हणजे प्रमुखांकडे, गेला होतात, आणि मुलांआधी नाईकांनी स्वतःचे बोट पुढे केले होते.

त्या संध्याकाळचा एक क्षण मी विसरू शकत नाही. अहवाल आले की सोयरिकी मोडतील, मुलींना कोणी करणार नाही, अशी कुजबुज बायकांत होती आणि ती भीती खोटी नव्हती. तुम्ही कंदिलाशेजारी उभ्या राहिलात, पिशवीतून स्वतःचा अहवाल काढलात आणि कोलामीत व मग मराठीत म्हणालात, की मी स्वतः एएस आहे, माझे लग्न झाले आहे, माझी दोन्ही मुले तुमच्या डोळ्यांसमोर खेळतात. लग्न मोडायचे नाही, लग्नाआधी दोघांचे कागद शेजारी ठेवून पाहायचे. मग तुम्ही खाली बसलात. थोड्या वेळाने रांग लागली. स्वतःच्या घरातली गोष्ट अशी चारचौघांत ठेवायला काय लागते, ते मला ठाऊक आहे, कारण माझा स्वतःचा अपराध सांगायला मला आज हे पत्र लिहावे लागत आहे.

पुढे तुम्ही आम्हा प्रत्येकाकडे एकेक काम मागितलेत, आणि मागताना ते इतके नेमके मागितलेत की नाही म्हणायला जागा राहिली नाही. बचत गटाकडे तुम्ही मागितले ते एवढेच, की त्याच्या फॉलिक अॅसिडच्या गोळ्या संपत आल्या आहेत का, हे दर बैठकीत आठवणीने विचारावे. गाव आरोग्य समितीला वर्षाकाठी मिळणाऱ्या 10,000 रुपयांच्या अबंधित निधीतून रात्रीअपरात्री गाडी करण्यासाठी काही रक्कम राखून ठेवावी, हे सरपंचांकडून ठरावात लिहून घेतलेत. एसटीच्या साध्या बसमध्ये सिकलसेलग्रस्तांना प्रवास मोफत आहे, हे त्या कुटुंबाला सांगून लागणारे कागद तुम्ही त्यांच्याकडून जमवून घेतलेत. यवतमाळच्या शासकीय रुग्णालयातून त्याला हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलवरचे औषध सुरू झाले, तेव्हा त्या गोळीसोबत वेळोवेळी रक्त तपासावेच लागते, हे तुम्ही त्याच्या वडिलांना कॅलेंडरवर खुणा करून शिकवलेत.

माझ्या वाट्याला वर्ग आला. पाणी कमी पडले, थंडी बाधली, ताप आला किंवा दमछाक झाली की रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि जीवघेणी कळ उठते, हे तुम्ही मला फळ्यावर काढून दाखवलेत. तेव्हापासून त्याच्या जागेवर बाटली असते, तासाच्या मध्ये पाणी प्यायला आणि लघवीला जायला त्याला विचारावे लागत नाही, थंडीत परिपाठाला तो वर्गात बसून हजेरीचा तक्ता भरतो, आणि ताप आला तर वाट न पाहता मी तुम्हाला फोन करतो. या चार साध्या गोष्टी आहेत. त्या मला आधी कोणी सांगितल्या असत्या तर त्या मुलाची दोन वर्षे वाचली असती.

माझे बालपण सेवाग्रामच्या शेजारच्या एका खेड्यात गेले. 1969 मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी तेथे ग्रामीण भागातले वैद्यकीय महाविद्यालय उभे केले, आणि पुढे त्या परिसरातल्या गावांत सुगीच्या वेळी घरोघरून ज्वारी गोळा करून तिच्या आधारावर आरोग्यविमा चालवला गेला. वडील ज्वारी मापून देत तेव्हा दवाखान्याला धान्य कशाला, असा प्रश्न मला पडे. आपण काही घातले असेल तर आपण हक्काने विचारू शकतो, असे ते म्हणत. पोडावर तुम्ही आम्हा सर्वांकडून जे मागून घेतलेत, ते मला त्या ज्वारीसारखे वाटते. आता सरपंच ग्रामसभेत डॉक्टरांना गोळ्यांचा साठा विचारतात आणि डॉक्टर मला मुलाची हजेरी विचारतात, आणि यात कोणालाच वावगे वाटत नाही.

एक गोष्ट मात्र मनाला टोचते. 2005 मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हापासून तुमच्या पदाचे नाव 'स्वयंसेविका' आहे, आणि रात्री दोन वाजता बाळंतिणीसोबत गाडीत बसणाऱ्या बाईला कामाकामाने मोबदला मोजून मिळतो. 2023 मध्ये सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले, 2047 पर्यंत हा आजार हटवण्याचे ध्येय ठरले, सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य मांडले गेले. ही तपासणी अखेर तुमच्यासारख्यांच्याच पायांनी घरोघर पोहोचते. तुमच्या मानधनाच्या मागणीच्या निवेदनावर मी सही केली आहे आणि पुढेही करीन.

मुलाची बातमी तुम्हाला माहीतच आहे, तरी लिहितो. या हिवाळ्यात तो फक्त सहा दिवस गैरहजर होता, त्यांतले दोन रुग्णालयाच्या भेटीचे. भागाकार त्याला अजून जड जातो, चित्रे मात्र फार सुरेख काढतो. त्या फेऱ्यांबद्दल मी त्याच्याजवळ आणि त्याच्या आईजवळ क्षमा मागितली आहे.

जूनमध्ये पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांची यादी सोबत जोडली आहे. ज्यांच्या तपासणीचा कागद घरी सापडला नाही, त्यांच्या नावापुढे मी खूण केली आहे. पेरणीचे दिवस असतील, तेव्हा संध्याकाळी सातनंतरची कोणतीही तारीख कळवावी. ओसरीवरचा दिवा मी बदलून घेतला आहे. नळीमागच्या रेघा आता नीट दिसतील.

आपला कृतज्ञ,
पोडावरचा गुरुजी,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा