‘कँडिड’ नीट समजावून दिल्याबद्दल

आदरणीय मॅडम,
सविनय नमस्कार.

इंग्रजी ‘कँडिड’ (candid) दिसला की ‘स्पष्टवक्ता’ लिहायचं, ही आमच्या भाषांतरातली सवय तुमच्यामुळे मोडली. मसुद्याच्या समासात तुम्ही विचारलंत, ‘हा माणूस फटकळ आहे का?’ त्या एका प्रश्नाबद्दल मनापासून आभार.

फटकळाला इंग्रजीत ‘ब्लंट’ आहे. कँडिड माणूस बोचरं बोलेलच असं नाही, पण तो हातचं राखून बोलत नाही. ‘ऑनेस्ट’पासूनही तो जरा वेगळा. फ्लॅट विकताना ‘गळती आहे का?’ या प्रश्नाला ‘आहे’ म्हणतो तो प्रामाणिक. ‘जुलैत बेडरूमची भिंत ओलावते, रंगाचे पोपडे निघतात’ हे न विचारता सांगतो तो कँडिड. तुम्ही सुचवलेलं ‘आडपडदा न ठेवता’ इथे चपखल बसतं. ‘दिलखुलास’ जपून वापरावा. त्यात गप्पांची मजा येते, अडचणीचं कबूल करणं येत नाही.

शब्दाचं मूळ कळल्यावर तर बरंच उलगडलं. लॅटिन ‘कँडिडस’ म्हणजे पांढराशुभ्र. रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा खडूने पांढरा केलेला टोगा घालून हिंडे, त्यावरून ‘कँडिडेट’. आपला ‘चंद्र’ही चमकण्याच्या त्याच मुळातला. इंग्रजीत पांढऱ्यावरून निर्मळ, मग निःपक्षपाती आणि पुढे आजचा अर्थ आला. म्हणूनच अमेरिकेच्या १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातल्या ‘कँडिड वर्ल्ड’ला ‘निःपक्षपाती जग’च म्हणायला हवं.

लग्नाच्या फोटोंचं निराळं. अंतरपाटाआड मुलीची आई पदराने डोळे टिपते, तो फोटो कँडिड. ‘इकडे बघा’ म्हटलं की तो कँडिड राहत नाही. तिथे ‘नकळत टिपलेला’ लिहावं.

तुम्ही दाखवलेल्या दोन चुका आता भिंतीवर लावल्या आहेत. माणसाशी कँडिड असताना ‘विथ’ आणि विषयासाठी ‘अबाउट’. ‘टू’ आपल्या ‘ला’मुळे घुसतो. आणि शेवटच्या ‘डी’आधी ‘ई’ घुसला (candied) की शब्दच बदलतो: साखरेत पाकवलेलं, टुटीफ्रुटीसारखं. मत पाकवलेलं निघालं तर अर्थ नेमका उलटा!

सुधारलेला मसुदा सोबत जोडला आहे. त्यात ‘फ्रँक’ तीन ठिकाणी आला आहे; तिथेही पेन्सिल चालवावी, ही विनंती.

आपले कृतज्ञ,
भाषांतर वर्गातले विद्यार्थी