पीएच सांगता, तशी अल्कलिनिटीही सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्यात विहिरी-बोअर खोल गेल्या की पाण्याच्या दर्जाच्या बातम्या सुरू होतात. त्यांत पीएचचा, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा हमखास असतो. कृषी सेवा केंद्रातही पेनासारखे मीटर बाटलीत बुडवून ‘पीएच आठ आहे, ड्रिपला ॲसिड सोडा’ असे शेतकऱ्याला सांगून मोकळे होतात. किती सोडायचे, हे मात्र त्या आकड्यावरून कळत नाही. ते अल्कलिनिटीवरून, म्हणजे पाण्याच्या ॲसिड पचवण्याच्या क्षमतेवरून कळते, आणि ती कोणी सांगत नाही. म्हणून हे पत्र.

मी कनिष्ठ महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत सहायक म्हणून नोकरी केली. माझ्या मेहुण्याची मोहोळ तालुक्यात डाळिंबाची बाग आहे. त्याचे ड्रिपर पांढऱ्या क्षाराने सारखे चोक व्हायचे. विहीर आणि बोअर, दोन्हींचा पीएच ७.९. दोन्हींचे ५० मिलि पाणी घेऊन मी ०.०२ नॉर्मल, म्हणजे ठरावीक तीव्रतेच्या पातळ सल्फ्युरिक ॲसिडने टायट्रेशन केले, म्हणजे रंग बदलेपर्यंत ॲसिड थेंबाथेंबाने सोडून किती लागले ते मोजले. विहिरीच्या पाण्याला ९ मिलि ॲसिड लागले, बोअरच्या पाण्याला साडेएकवीस. वाचनाला वीसने गुणायचे, की लिटरमागे किती मिलिग्रॅम ते मिळते, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. म्हणजे विहीर १८० आणि बोअर ४३०. “दाजी, पीएच तर दोन्हीकडं सारखाच, मग ॲसिड दुपटीहून जास्त कसं?” मेहुण्याचा प्रश्न अगदी बरोबर होता. पाण्याची आत्ताची स्थिती पीएच सांगतो. ते किती ॲसिड पचवून मग बदलेल, हे अल्कलिनिटी सांगते. बोअरच्या हजार लिटर पाण्यातले सगळे बायकार्बोनेट (ड्रिपरमध्ये पांढरा क्षार होऊन बसते ते) मारायला बाजारातले ३३ टक्क्यांचे हायड्रोक्लोरिक ॲसिड साधारण ८०० मिलि लागते; विहिरीच्या पाण्याला साडेतीनशेच्या आतच भागते. अंदाजाने ओतले तर एकीकडे क्षार तसाच राहतो, दुसरीकडे मुळांना इजा होते.

आपल्याकडे हे जास्त का, तर खाली काळा दगड, म्हणजे बेसाल्ट. पावसाच्या पाण्यात अल्कलिनिटी जवळजवळ नसतेच. मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन ते बेसाल्टच्या भेगांतून झिरपते, दगडातली खनिजे झिजवते आणि बायकार्बोनेट होऊन साठते. त्याच पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मानाने बायकार्बोनेट फार झाले आणि सोडियमही असले, की वर्षानुवर्षे पाणी देऊन काळी रानेसुद्धा चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारी होतात. उसाच्या पट्ट्यात हे पाहायला लांब जावे लागत नाही.

तपासणी महागडी नाही. ब्युरेट (ॲसिड मोजून सोडायची नळी), कोनिकल फ्लास्क, फिनॉफ्थॅलिन आणि मिथाइल ऑरेंज हे रंग बदलणारे दर्शक बारावीच्या प्रत्येक प्रयोगशाळेत आहेत. आधी फ्लास्कमधल्या पाण्यात फिनॉफ्थॅलिनचे दोन थेंब घालायचे. गुलाबी रंग आला तर पीएच ८.३ च्या वर आहे, म्हणजे कार्बोनेट आहे. ब्युरेटमधून ॲसिड सोडत तो रंग जाईपर्यंतचे वाचन वेगळे लिहायचे. बोअरच्या पाण्यात बहुधा गुलाबी येतच नाही. मग मिथाइल ऑरेंज. पाणी पिवळे होते आणि शेवटी शेवटी ॲसिडच्या एकेका थेंबाला नारिंगी झाक येऊन हलवल्यावर निघून जाते. झाक टिकली की थांबायचे. इथेच मुले पुढे जातात आणि लाल करून बसतात. त्यासाठी शेजारी पांढऱ्या फरशीवर तेवढेच पाणी, मिथाइल ऑरेंजचे तेवढेच थेंब घातलेला, पण ॲसिड न घातलेला दुसरा फ्लास्क ठेवायचा आणि रंग त्याच्याशी ताडून पाहायचा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते रंग खाते. आधी सोडियम थायोसल्फेटचा थेंब घालावा. बाटली तोंडापर्यंत भरून बूच घट्ट लावायचे आणि त्याच दिवशी तपासायचे, कारण ठेवलेल्या पाण्यात क्षार तळाशी बसतो व वाचन कमी येते.

पिण्याच्या पाण्यासाठीही आयएस १०५०० या भारतीय मानकात लिटरला २०० मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० ही कमाल मर्यादा दिलेली आहे. मग ग्रामपंचायतीच्या फलकावर पीएचशेजारी हा आकडा का लिहू नये?

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. आपल्या दैनिकाने पाण्याची बातमी देताना पीएचबरोबर अल्कलिनिटी मागून घ्यावी आणि छापावी. आणि जिल्ह्यातल्या विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांनी प्रात्यक्षिकाच्या एका तासाला बाटलीबंद द्रावणांऐवजी मुलांना आपापल्या घरचे, शेतातले पाणी आणायला सांगावे. मुलगा वहीत लिहील तोच आकडा त्याच्या वडिलांना ॲसिडचे माप ठरवायला लागणार आहे. मात्र माप घेतल्यावर ॲसिड नेहमी पाण्यात ओतावे, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही, हे मुलांच्या तोंडून घरोघर जावे. शिकवायला कोणी हवे असेल, तर मी यायला तयार आहे.

आपला वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक,
जुळे सोलापूर