वह्या बाहेर कशा काढायच्या

प्रिय सुहास,

तुझ्या दाव्यावर आलेल्या कैफियतीची, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराची, नक्कल वाचली. कलम ९ मध्ये तुझा भागीदार लिहितो, ‘वादीचा हिस्सा वह्यांप्रमाणे चुकता केला आहे.’ त्याने तुला आयतंच हत्यार दिलंय. हिशेबाच्या वह्यांचा आधार घेतला म्हणजे त्या दाखवणं आलं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ११, नियम १५ ची नोटीस लगेच पाठव. कोर्टाची परवानगी लागत नाही, फक्त मुद्दे निघेपर्यंत, म्हणजे कोर्ट वादाचे प्रश्न ठरवेपर्यंत, ती गेली पाहिजे. १० दिवसांत त्याने पाहणीची वेळ कळवायची, तीही कळवल्यापासून ३ दिवसांच्या आतली. रोजच्या वापरातल्या वह्या असल्या तर त्या जिथे असतात तिथेच जाऊन बघायच्या.

तो बहुधा गप्प बसेल. बसू दे, पोच तेवढी जपून ठेव. नोटीस मिळूनही न दाखवलेला कागद त्याला पुढे स्वतःच्या पुराव्यात सहजी आणता येत नाही. आधी कोर्टाला सबळ कारण पटवावं लागतं. वह्यांवरच बचाव उभा असलेल्या माणसाला हे जड जातं.

तरी नाहीच दाखवल्या, तर नियम १८ खाली अर्ज. वकिलांनी केलेला मसुदा मात्र बदलून घे. ‘धंद्यासंबंधीचे सर्व कागद’ असं मागितलं की समोरचा एका ओळीचं म्हणणं देतो, वादी अंधारात गळ टाकून बसलाय, आणि अर्ज फेटाळला जातो. असं लिही: ‘१ एप्रिल २०२१ ते ३१ मार्च २०२३ या काळातली रोजकीर्द, खतावणी आणि फर्मच्या चालू खात्याचे उतारे, कैफियतीच्या कलम ९ मधल्या हिशेबासाठी.’ भागीदारी कायदा, १९३२ चं कलम १२(ड)ही टाक. फर्मच्या वह्या बघायचा आणि उतरवून घ्यायचा हक्क भागीदाराला मुळातच आहे.

दुसरी पळवाट म्हणजे ‘वह्या सापडत नाहीत’. त्यावर नियम १२ खाली शपथपत्र मागव. त्याच्या नमुन्यात दुसरं परिशिष्ट असतं: पूर्वी ताब्यात होते, आता नाहीत असे कागद. शेवटी कधी होते, त्यांचं काय झालं, आता कोणाकडे आहेत, हे शपथेवर लिहावं लागतं. थापा मारणारा नेमका इथे अडकतो. वकिलाशी झालेला पत्रव्यवहार त्याला झाकता येईल, सीएशी झालेला नाही.

हुकूम मोडला तर नियम २१ खाली बचाव काढून टाकता येतो, पण त्यावर लगेच भिस्त ठेवू नकोस. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच बब्बर शिलाई मशीनच्या प्रकरणात सांगितलंय की हे शेवटचं टोक. मुद्दाम केलेली अवज्ञा दिसली पाहिजे. म्हणून हुकमात तारीख नेमकी घालून घे आणि प्रत्येक चुकलेली तारीख रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, येऊ दे. हाच नियम तुलाही लागतो बरं. तू हुकूम मोडलास तर दावा जातो आणि त्याच कारणावर नवा लावता येत नाही.

हे सगळं दाव्याचं मूल्य ३ लाखांच्या आत आहे म्हणून. वर असतं तर कमर्शियल कोर्टाची वेगळी ऑर्डर ११ लागली असती. तिथे कैफियतीपासून ३० दिवसांत पाहणी उरकावी लागते.

बँकेचे उतारे त्याच्याकडून नाहीच आले तर ऑर्डर १६ खाली बँकेलाच समन्स काढ. मुद्द्यांची तारीख जवळ आलीय, नोटीस सोमवारीच नोंदणी केलेल्या स्पीड पोस्टने टाक.

काकूंना नमस्कार.

तुझा,
अनिरुद्ध