‘दोष आढळला नाही’ म्हणून परत आलेल्या ग्राफिक्स कार्डाबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : वॉरंटीतील ग्राफिक्स कार्ड गेम खेळताना बंद पडून स्क्रीन काळी होणे आणि आपल्या सर्व्हिस सेंटरने ते ‘दोष आढळला नाही’ या शेऱ्यासह जसेच्या तसे परत करणे.

महोदय / महोदया,

आपल्या सर्व्हिस सेंटरकडून माझे कार्ड काल परत आले. सोबत एकच कागद होता. ‘ताण चाचणी उत्तीर्ण, दोष आढळला नाही’ एवढी एक ओळ आणि खाली शिक्का. कोणती चाचणी, किती वेळ, कोणत्या तापमानाला, किती वेगाला, यातले काहीही नाही. कार्ड त्याच संध्याकाळी बसवले, गेम सुरू केला आणि अर्ध्या तासाच्या आत स्क्रीन पुन्हा काळी झाली. कार्डात दोष आहे, आणि तो जिथे दिसतो तिथे आपल्या तपासणीत पाहिलेच गेले नाही, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे. ते कशावरून, हे सविस्तर लिहिते. हे पत्र कृपया तांत्रिक विभागातील माणसाने वाचावे.

आधी नेमके काय होते ते सांगते, कारण फोनवर प्रत्येक वेळी ‘संगणक हँग होतो’ अशीच नोंद झाली आणि ती चुकीची आहे. गेम व्यवस्थित चालू असतो. चित्रात रेघा नाहीत, ठिपके नाहीत, अडखळणे नाही. अचानक चित्र जाते आणि मॉनिटरवर ‘सिग्नल नाही’ असा संदेश येतो. त्याच क्षणी कार्डाचे तिन्ही पंखे पूर्ण वेगाने घोंघावू लागतात. हेडफोनमध्ये मात्र सोबत खेळणाऱ्यांचे आवाज येतच असतात, आणि माझे बोलणे त्यांना ऐकू जाते. कॅप्स लॉक दाबले की कीबोर्डवरचा दिवा लागतो, पुन्हा दाबले की विझतो. म्हणजे प्रोसेसर, रॅम, नेटवर्क, सगळे चालू आहे. बंद पडले आहे ते फक्त कार्ड. रीसेट केल्याशिवाय ते परत येत नाही.

याची खात्री करण्यासाठी मी दुसरा मॉनिटर मदरबोर्डवरच्या पोर्टला जोडला. माझ्या प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स आहे, त्यामुळे तो मॉनिटर आपल्या कार्डावर अवलंबून नाही. त्यावर कार्डाचे तापमान, वीज आणि वेग नोंदवणारा प्रोग्रॅम उघडा ठेवला आणि मुख्य मॉनिटरवर गेम खेळत बसले. स्क्रीन काळी झाली ती फक्त मुख्य मॉनिटरची. दुसऱ्यावर माउस फिरत होता, घड्याळ पुढे सरकत होते, फक्त आपल्या कार्डाचे आकडे येणे थांबले होते. डिव्हाइस मॅनेजर उघडला तर कार्डाच्या नावापुढे पिवळी खूण आणि कोड ४३, म्हणजे कार्डाने अडचण कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवल्याची नोंद. हा सगळा प्रकार मी मोबाइलवर चित्रित केला आहे. तो व्हिडिओ मी पहिल्याच तक्रारीसोबत पाठवला होता. सर्व्हिस सेंटरमधल्या कोणी तो पाहिला असेल, असे त्या एका ओळीवरून वाटत नाही.

आपल्या प्रतिनिधींनी मला रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या नोंदींत जाऊन विंडोजची थांबण्याची मुदत वाढवायला सांगितले. कार्डाने उत्तर दिले नाही तर विंडोज मूळ सेटिंगनुसार २ सेकंद वाट पाहते आणि मग ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) व कार्ड नव्याने सुरू करू पाहते. कार्ड केवळ कामात अडकलेले असेल तर मुदत वाढवण्याचा उपयोग होतो. इथे कार्ड उत्तरच देत नाही आणि नव्याने सुरूही होत नाही. मुदत वाढवून एवढेच झाले, की गेम गोठलेला जास्त वेळ दिसला आणि मग स्क्रीन काळी झाली.

बाकी सांगितलेले सगळे केले आहे, पुन्हा सांगू नये. सेफ मोडमध्ये जुना ड्रायव्हर डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या प्रोग्रॅमने पूर्ण काढून नवा टाकला, मग आधीच्या आवृत्तीचाही टाकून पाहिला. विंडोज कोरी टाकली. मदरबोर्डचे बायोस (त्यातले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केले. रॅमचे एक्सएमपी, म्हणजे तिला जास्त वेगाने चालवणारे सेटिंग, बंद ठेवून खेळून पाहिले, रॅमची चाचणी रात्रभर चालवली, ती निर्दोष आली. डिस्प्लेपोर्टऐवजी एचडीएमआय लावले, मॉनिटर बदलला, केबल बदलल्या. कार्ड थेट स्लॉटमध्ये आहे, मध्ये रायझर (जोडणीची वाढीव केबल) नाही. स्लॉटचा वेग बायोसमधून जुन्या, तिसऱ्या पिढीवर आणूनही फरक पडला नाही.

विजेचा मुद्दा वेगळा मांडते, कारण आपल्याकडून वारंवार बोट तिकडेच दाखवले गेले. गेम खेळताना स्क्रीन काळी होते म्हटले की एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागावर, संशय जातो आणि तो जायलाही हवा. कार्डाला ८ पिनचे दोन कनेक्टर आहेत. प्रत्येकी १५० वॅट आणि स्लॉटमधून ७५ वॅट, असे एकूण ३७५ वॅट त्याला मिळू शकतात. आपण छापलेली त्याची गरज ३०० वॅट आहे. दोन्ही कनेक्टरना मी एसएमपीएसपासून निघालेल्या स्वतंत्र केबल लावल्या आहेत, एकाच केबलची दोन तोंडे वापरलेली नाहीत. एसएमपीएस ८५० वॅटचा आणि एटीएक्स ३.० मानकाचा आहे. आजची कार्डे सेकंदाच्या अगदी लहान भागापुरती सरासरीपेक्षा बरीच जास्त वीज ओढतात, म्हणून तर २०२२ च्या या मानकात असे झटके सोसण्याची अट घातली गेली. शिवाय, एसएमपीएसने संरक्षण म्हणून हात वर केले असते तर सगळा संगणकच बंद झाला असता. इथे दुसरा मॉनिटर चालू राहतो.

एवढ्यावरही शंका उरू नये म्हणून अदलाबदल केली. आपलेच हे कार्ड एका मित्राच्या संगणकात लावले. त्याचा मदरबोर्ड वेगळा, प्रोसेसर वेगळ्या कंपनीचा, एसएमपीएस १००० वॅटचा. तिथेही त्याच गेममध्ये स्क्रीन काळी झाली, पंखे तसेच घोंघावले. त्याचे कार्ड, जे आपल्या कार्डाइतकीच वीज घेते, माझ्या संगणकात त्याच स्लॉटला, त्याच केबलना लावले आणि तोच गेम आम्ही सबंध शनिवार-रविवार खेळलो. एकदाही काही झाले नाही. दोष कार्डासोबत जातो आणि कार्डासोबत परत येतो. यानंतरही मला ‘आपला एसएमपीएस एकदा बदलून पाहा’ असे ईमेल आले, तेव्हा मला मनापासून राग आला. ज्याच्याकडे अदलाबदल करायला दुसरा संगणक नाही असा ग्राहक या उत्तरावर विश्वास ठेवून चांगला एसएमपीएस काढून टाकेल, नवा घेईल, आणि त्यानंतरही त्याची स्क्रीन काळीच होईल.

आता मुख्य मुद्दा. आपल्या ताण चाचणीत हे कार्ड उत्तीर्ण झाले, यात मला नवल वाटले नाही. माझ्याकडेही ते फरमार्कसारख्या, कार्डावर सतत पूर्ण भार टाकणाऱ्या चाचणीत तासभर बिनतक्रार चालते. त्याचे कारण नोंदींत स्पष्ट दिसते. अशा चाचणीत कार्ड लगेच ३०० वॅटच्या मर्यादेला टेकते, आणि ती ओलांडू नये म्हणून स्वतःचा वेग व व्होल्टेज खाली आणते. माझ्या नोंदीत तिथे वेग २२०० मेगाहर्ट्झच्या आसपास राहतो. गेममध्ये उलटे होते. एखादे दृश्य हलके असते, समोर भिंत येते, मेनू उघडतो, नवा भाग लोड होतो. वीज कमी लागते, मर्यादेला वाव मिळतो आणि कार्ड स्वतःहून वेगाच्या सर्वांत वरच्या पायरीवर चढते. गाडी घाटात पहिल्या गिअरवर भार घेऊन चढली म्हणून ती मोकळ्या रस्त्यावर पूर्ण वेगातही नीट धावेल, असे ठरत नाही. आपण फक्त घाट तपासला.

माझ्या सगळ्या नोंदींमध्ये कार्ड बंद पडण्याआधीची शेवटची ओळ जवळजवळ सारखी आहे. वेग २७०० च्या वर, वीज २०० वॅटच्या आसपास, तापमान ६४ अंश, हॉटस्पॉट (चिपचा सर्वांत गरम बिंदू) ७७. म्हणजे कार्ड तापलेले नाही, विजेच्या मर्यादेपासून लांब आहे, आणि वेग मात्र शिखरावर आहे. मी एकही आकडा वाढवलेला नाही. कारखान्यातून आले त्याच सेटिंगवर ते चालते. उलट, फ्रेम रेट (सेकंदाला दिसणारी चित्रे) ६० वर बांधला तर स्क्रीन काळी होण्याचे प्रमाण बरेच कमी होते, आणि कार्डाचा कमाल वेग २५०० वर रोखला तर ते थांबतेच. वेगाच्या वरच्या पायरीला मिळणारे व्होल्टेज या चिपला पुरत नाही, किंवा भार झपाट्याने बदलताना कार्डावरचा वीजपुरवठा ते सांभाळू शकत नाही, असा याचा अर्थ मला दिसतो. दोन्हीपैकी कोणते, हे शोधायला ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेतले क्षणिक बदल दाखवणारे उपकरण, लागते. सेकंदाला एक नोंद करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये असे झटके दिसत नाहीत. ते उपकरण आणि ते ज्ञान आपल्याकडे आहे, म्हणूनच कार्ड आपल्याकडे पाठवले होते.

हे सांगितल्यावर आपल्याकडून उत्तर आले की, ‘मग वेग २५०० वर ठेवूनच वापरावे.’ हे मला मान्य नाही. पेटीवर बूस्ट वेग २६१० मेगाहर्ट्झ असा मोठ्या अक्षरांत छापला आहे. त्याच वेगासाठी हे मॉडेल आपल्याच साध्या मॉडेलपेक्षा जास्त किमतीला विकले जाते. छापलेल्या वेगापेक्षा खाली आणल्यावरच जे कार्ड टिकते, ते सदोष आहे. वेग कमी करणे ही निदानाची पायरी म्हणून योग्य आहे. दुरुस्ती म्हणून ती ग्राहकाच्या गळ्यात मारू नये.

फोनवर बोलणाऱ्या मंडळींबद्दल माझी तक्रार नाही. ती सगळी सौजन्याने बोलली. त्यांच्यासमोर ठरलेली प्रश्नावली असते आणि तिच्याबाहेर जाण्याची त्यांना मुभा नाही, हे जाणवत होते. पण प्रत्येक वेळी नवे तिकीट, नवा माणूस आणि पहिल्या प्रश्नापासून सुरुवात, यामुळे आधी दिलेला पुरावा वाया जातो. ज्या ग्राहकाने अदलाबदल करून दोष कार्डातच आहे हे दाखवले आहे, त्याला पुन्हा ‘ड्रायव्हर अद्ययावत आहे का’ असे विचारणे थांबले पाहिजे.

माझी पहिली मागणी कार्ड बदलून देण्याची आहे. बदली कार्ड वेगळ्या अनुक्रमांकाचे असावे आणि पाठवण्यापूर्वी बदलत्या भारावर तपासलेले असावे. आपल्याला आधी पुन्हा तपासायचे असेल तर त्याला माझी हरकत नाही. मात्र ती तपासणी प्रत्यक्ष गेममध्ये, फ्रेम रेट न बांधता, कारखान्याच्या सेटिंगवर, निदान चार तास व्हावी आणि वेग, व्होल्टेज, वीज व तापमान यांची नोंद मला मिळावी. या मॉडेलसाठी व्होल्टेजची आखणी सुधारलेले नवे व्हीबायोस (कार्डातले मूळ सॉफ्टवेअर) आपल्याकडे असेल तर ते अधिकृतपणे, वॉरंटीला धक्का न लावता द्यावे. ते टाकून छापलेल्या वेगावर कार्ड स्थिर राहिले तर मी बदलीचा आग्रह धरणार नाही. जाण्यायेण्याचा वाहतूक खर्च मागच्या खेपेला माझ्याकडून घेतला गेला, तो परत मिळावा आणि या खेपेचा आपण करावा. कार्ड जितका काळ आपल्या ताब्यात होते आणि पुढे राहील, तितकी वॉरंटी वाढवून तसे लेखी कळवावे. बदली शक्य नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी.

कार्ड उघडलेले नाही, स्क्रूवरचे सील शाबूत आहे, कनेक्टरच्या पिनांवर जळल्याची वा काळवंडल्याची कोणतीही खूण नाही. तिन्हींचे जवळून घेतलेले फोटो जोडत आहे. सोबत दोन्ही संगणकांवरच्या नोंदींच्या फाइली, इव्हेंट व्ह्यूअरमधून (विंडोजच्या घटनांच्या नोंदवहीतून) काढलेली फाइल, दुसरा मॉनिटर चालू असतानाचा व्हिडिओ, खरेदीची पावती आणि आपल्या सर्व्हिस सेंटरचा तो एका ओळीचा कागदही आहे. नोंदींमध्ये कार्ड बंद पडण्याचे क्षण मी लाल रंगाने दाखवले आहेत, म्हणजे शोधत बसावे लागणार नाही.

या पत्राचे लेखी उत्तर १५ दिवसांत मिळावे. उत्तर देणाऱ्या तांत्रिक अधिकाऱ्याचे नाव आणि थेट संपर्क त्यात असावा, आणि पुढचा सगळा पत्रव्यवहार याच तक्रार क्रमांकाखाली व्हावा. कार्ड मूळ पेटीत बांधून तयार आहे. कुरिअरची तारीख कळवल्यास त्या दिवशी मी ते सुपूर्द करीन.

आपली,
एक ग्राहक

(सोबत : वर उल्लेखलेली कागदपत्रे, फोटो, नोंदी व व्हिडिओ)