खंजिरीचा ठेका बटणावर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

श्रावणात आमच्याकडे महिला भजन स्पर्धा झाली. बक्षीस मिळालेल्या तीनपैकी दोन मंडळांची खंजिरी इलेक्ट्रॉनिक पॅडचे बटण दाबून वाजत होती. हरलो म्हणून लिहीत नाही. म्हणजे, थोडे त्याचेही आहेच.

मी खंजिरी धरली ती बेचाळिसाव्या वर्षी. गावात सत्यपाल महाराजांचे कीर्तन होते. एकटा माणूस सात खंजिऱ्यांवर हात फिरवतो आणि मधेच थांबून वऱ्हाडीत दारुड्यांची, हुंडेवाल्यांची खरडपट्टी काढतो! लोक हसत होते, मी त्यांच्या बोटांकडे बघत होते.

घरी मामंजींची खंजिरी खुंटीला टांगलेली होती. त्यांनी तुकडोजी महाराजांना गुरुकुंज मोझरीला समोर बसून ऐकलेले. महाराज १९६८ साली गेले, तेव्हा मी पाळण्यातही नव्हते. मामंजी सांगत, "महाराजाची खंजिरी वाजली का निजलं पोट्टंही उठून बसे." मी भीत भीत खंजिरी मागितली, तर एवढेच म्हणाले, "घे, पण पयले तापव."

पावसाळी हवेत कातडे सादळते, थाप मारली की भद्द वाजते. चुलीसमोर धरून टिचक्या मारत राहायचे, बोल टणक झाला की लगेच बाजूला घ्यायचे. मी भाकरी उलथायला वळले आणि कातडे चर्रकन फाटले. मामंजी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी अमरावतीहून मढवून आणली आणि माझ्यापुढे ठेवली.

आज आमच्या मंडळात अकरा जणी आहेत. कापूस वेचून बोटे ओरबाडलेली असतात, तरी रात्री बसतो. स्पर्धेत खंजिरी तापवायला दहा मिनिटे मागितली, तर एक आयोजक म्हणाले, "ताई, पॅड का नाही घेत?" गुणपत्रिकेत एकसारख्या साड्यांना गुण होते, हाताने वाजवण्याला नव्हते. साड्या छान होत्या, ते खरे.

पेटीला, माईकला माझी हरकत नाही. ठेका मात्र मंचावरच्या बाईच्या हातचा असावा, एवढा नियम सर्व आयोजकांनी करावा. आणि स्पर्धा पावसाळ्यातच ठेवायची असेल तर मंचामागे एक शेगडी असू द्यावी. कोळसे आम्ही घरून आणू.

– एक शेतकरी महिला,
ता. तिवसा, जि. अमरावती